दारासमोरची नऊ मिनिटं

नांदेडच्या त्या इमारतीच्या जिन्यात पूर्वी जुन्या कागदांचा वास यायचा, कारण वर वाचनालय होतं. आता फिनाइलचा आणि डब्यांतल्या लसणाच्या चटणीचा येतो. वरच्या हॉलमध्ये क्लास भरतो. जिन्याच्या भिंतीवर डॉक्टरकीला लागलेल्या मुलामुलींचे फोटो आहेत, ओळीने, थेट वरपर्यंत, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकाच फोटोग्राफरने आणवलेलं हसू. वीस-बावीस वर्षांपूर्वी असा एक फोटो माझाही लागावा म्हणून मला ह्या गावात धाडलं होतं. तो लागला नाही. त्याचं मला म्हणावं तेवढं वाईट वाटलं नाही, हे मी घरात अजून कुणाला धडपणे सांगितलेलं नाही.

ह्या रविवारी मुलांचा पेपर एकला सुटला आणि तीन ते सहा हॉल माझ्या ताब्यात आला. खांद्याला लॅपटॉप, हातात मागून आणलेला प्रोजेक्टर, पिशवीत खिडक्यांना लावायचं काळं कापड. मी माझा पहिला सिनेमा दाखवायला आले होते. सिनेमा खुनाचा आहे. खून दिसत नाही. ज्या घरात तो झाला ते घर दिसतं आणि मेलेल्या माणसाची बहीण दिसते. मध्यावर एक शॉट आहे. ती अंगणात बसून त्या घराच्या दाराकडे बघते, नऊ मिनिटं, आणि मग उठून आत जाते. मुंबईच्या निर्मात्याला सिनेमा आवडला आहे, हा शॉट सोडून. "दीड मिनिटावर आण. सोमवारी हो म्हण, मंगळवारी कागद करू," म्हणाला. नाही म्हटलं तर तो सिनेमा घेणार नाही, आणि दुसरं कुणी घेईल ही आशा मी चार वर्षं दारं वाजवून सोडली आहे. माणूस वाईट नाही. म्हणूनच त्याचं म्हणणं मला उडवून लावता येईना.

खरं सांगायचं तर त्याची बाजू मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. असल्या सिनेमांवर चिडायला मी ह्याच हॉलमध्ये शिकले.

आधी लातूरला होते, अकरावी-बारावीला. भूकंपाला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती. गावाबाहेर पत्र्यांच्या शेडची वस्ती अजून होती आणि गावात मात्र क्लासच्या पाट्यांवर पाट्या चढत होत्या. सकाळी सहाला रस्ता सायकलींनी भरून जायचा. एका खोलीत आम्ही सहाजणी, सहा खाटा, सहा गजराची घड्याळं, आणि ती सहाही एकाच मिनिटाला वाजत नसल्यामुळे पहाटेची दहा मिनिटं नुसती घणघण. झेरॉक्सच्या ताज्या कागदाचा ऊबदार वास, बोअरच्या पाण्याने राठ झालेले केस, मेसची पातळ डाळ. सगळं भरभर करायचं असायचं. एका प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद, त्याहून जास्त लागली तर सोडून पुढे जा, असं सर फळ्यावर डस्टर आपटून सांगायचे. एवढी घाई करूनही मला मार्क कमी पडले आणि मी रिपीटर झाले. लातूर-नांदेडात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तीच पुस्तकं, तेच प्रश्न, आणखी एक वर्ष. मला नांदेडला आत्याकडे ठेवलं. आत्याचे यजमान रेल्वेत होते, शिस्तीचे होते, आणि त्यांच्या घरात मी अभ्यासच करेन अशी सगळ्यांची खात्री होती.

दर रविवारी पेपर झाला की मी ह्या वाचनालयात येऊन बसायची. एका रविवारी शिपाई म्हणाला, उठा, आज सोसायटीचा सिनेमा आहे. बाहेर असं ऊन होतं की डांबराला चप्पल चिकटावी. मी म्हटलं, बसते मीपण.

फिल्म सोसायटीचे सभासद कागदावर चाळीस आणि खुर्चीवर सात-आठ. महिन्यातून एकदा पुण्याहून रेल्वे पार्सलने पत्र्याची पेटी यायची, तिच्यात सिनेमाच्या रिळांचे गोल डबे. खिडक्यांवर घोंगड्या टांगायच्या, भिंतीला पांढरी चादर लावायची. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत चहा. घोंगड्यांचा लोकरीचा वास, तापलेल्या मशीनचा वास आणि आल्याचा वास, तिन्ही मिळून जो एक वास व्हायचा तो मला पुढे कुठल्याच चित्रपटगृहात मिळाला नाही. मशीन चालवायचे युनूसभाई. त्यांचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी सरकारी गाडीतून खेडोपाडी माहितीपट दाखवत फिरलेले, तिथे हे काम शिकले. सोसायटीचे अध्यक्ष पाठक सर, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि सिनेमा सुरू झाला की वीस मिनिटांत झोपायचे. जागे झाले की मात्र त्यांच्याइतकं छान त्या सिनेमावर कुणी बोलायचं नाही.

त्या पहिल्या दिवशीच्या सिनेमात खून सिनेमा सुरू होण्याआधीच झालेला. एक पोलीस एका म्हातारीकडे चौकशीला जातो. ती बटाटे सोलत असते. तो विचारतो, ती सोलते. टोपलीभर बटाटे. मला वाटलं दोन सोलले की बोलेल. तिने शेवटचा बटाटा सोलला, पाण्यात टाकला, हात पुसले, तेव्हा कुठे म्हणाली, मला माहीत नाही. मागून युनूसभाईंचा आवाज आला, "सव्वासात मिंटं. लई सोलले बाई बटाटे." ते मनगटावरच्या घड्याळात बघून प्रत्येक लांब शॉटची वेळ जाहीर करायचे, ती त्यांची सवय होती. मी इतकी चिडले होते की चहाला थांबले नाही. आठवड्याला पंचेचाळीस सेकंदांचे दोनशे प्रश्न सोडवणाऱ्या मुलीची सव्वासात मिनिटं कुणीतरी फुकट घालवली होती.

पुढच्या रविवारी पेपरात मला तीन सोपी सूत्रं आठवली नाहीत. ते बटाटे आठवत होते. म्हातारी सालं किती पातळ काढत होती, आणि शेवटच्या दोन बटाट्यांना सालं जाड निघाली होती, म्हणजे तिचा हात थरथरत होता, म्हणजे तिला माहीत होतं. हे मला पेपर लिहिता लिहिता कळलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या शोधाचा मला एवढा आनंद झाला की मी उरलेला अर्धा पेपर हसत हसत बिघडवला.

तेव्हापासून सगळे सिनेमे पाहिले. सगळेच चांगले होते असं म्हणणार नाही, तसं म्हणणारी माणसं मला खोटी वाटतात. काही सिनेमे नुसता छळ होते. इन्स्पेक्टर सिगारेट पेटवतो आणि पुरती ओढतो. गाडी दूरच्या टेकडीवरून निघते आणि आपण तिच्या येण्याची वाट बघतो, ती येते आणि निघून जाते. कॅमेरा खांबावर टांगून दिग्दर्शक जेवायला गेला असावा, असंही वाटायचं. पाठक सर जागे होऊन म्हणायचे, "ह्या स्तब्धतेत एक अर्थ आहे." युनूसभाई म्हणायचे, "सर, अर्थ असंल. पर ह्याला काम करायचा कंटाळा बी हाय, ते बी बघा." दोघांचंही खरं असायचं, कधी याचं, कधी त्याचं. कुठलं कधी, ते ओळखायचं कसं, हा माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा उद्योग झाला.

पण एक गोष्ट मला त्या सिनेमांतच मिळाली. टॉकीजमधल्या सिनेमात माणूस मरायचा, किंकाळी, गाणं, पाठलाग, फाशी, संपलं. मेलेल्याजवळ कुणी बसत नसे. ह्या संथ सिनेमांत तो ज्या ताटात जेवला ते ताट कुणाला तरी घासावं लागायचं. त्याची चप्पल दारातून कुणी उचलायची, हा प्रश्न पडायचा. युनूसभाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पडद्याखालची अक्षरं त्यांच्या उपयोगाची नव्हती, आणि तरी गोष्ट त्यांना आमच्याआधी कळायची. "बोलत न्हाईत तेच बरं हाय," ते म्हणायचे. "मानूस बोलला की फसवतो. हात कवा बी फसवत न्हाई."

आणि मग ते प्रकरण झालं. ते आठवलं की मला अजून कानकोंडं व्हायला होतं.

पेटीत तीन डबे आले होते. बर्फातल्या कुठल्याशा गावातली खुनाची गोष्ट. तिसऱ्या रिळाच्या शेवटी पोलीस अधिकारी एका बंद दारासमोर येऊन उभा राहतो. हात वर करतो. दार वाजवत नाही. आणि रीळ संपलं, चादरीवर पांढरा उजेड पडला, मशीन फडफडत राहिलं. दुसऱ्या कुठल्याही थेटरात लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. आम्ही मात्र श्वास रोखून बसलो होतो. मग पाठक सरांनी, जे नेमके त्या दिवशी जागे होते, सावकाश टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आम्हीही वाजवल्या. युनूसभाई एकटे मशीनजवळ उभे राहून डोकं खाजवत होते. "संपली?" त्यांनी विचारलं. पाठक सर म्हणाले, "संपत नाही, युनूसभाई. असे सिनेमे आपल्या आत सुरू होतात." सोसायटीचं चार पानी पत्रक निघायचं, त्यात मी लेख लिहिला. माझा पहिला छापील लेख. दिग्दर्शकाने आपल्याला उत्तर नाकारून आपला केवढा सन्मान केला आहे, असं त्यात होतं. लेखाचं कौतुक झालं.

महिन्याभराने आत्याचे यजमान संध्याकाळी ऑफिसातून आले आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक गोल डबा ठेवला. "पार्सलच्या फळीवर पडून होता. तुमच्याच टोळीचा दिसतोय," माझ्याकडे बघून म्हणाले. डब्यावर चारचा आकडा होता. सिनेमाची चार रिळं होती. बाकीच्या तीन डब्यांवर "चारपैकी एक, दोन, तीन" असं लिहिलेलं असणार, पण वर पार्सलची चिठ्ठी चिकटवलेली, आणि ती खरवडून बघावी असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. इतक्या अर्धवट जागी संपलेला सिनेमा अर्धवट असेल, ही शंका यायला साधा माणूस लागतो. आमच्यात तसा एकच होता, आणि त्याला आम्ही गप्प बसवलं होतं.

परत पाठवण्याआधी ते रीळ आम्ही तेवढंच लावून पाहिलं. अधिकारी दार वाजवतो. दार उघडतं. आत सगळे बसलेले. आणि मग तो खुर्चीत बसून अर्धा तास सगळं समजावून सांगतो, कोण, कधी, कशाने, का. खुनी मेहुणा असतो. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. शेवटी पाठक सरांनी घसा साफ केला आणि ठराव मांडला की हे रीळ सोसायटीने पाहिलं नाही असं समजावं. ठराव सात विरुद्ध एक असा मंजूर झाला. विरुद्ध एक म्हणजे युनूसभाई. त्यांना हसू आवरत नव्हतं. "तुम्ही लोकं लई भारी हाव," ते डोळे पुसत म्हणाले. "दार बंद दिसलं की तुम्हाला देव दिसतो."

आत्याकडे तो डबा आला त्याच संध्याकाळी कळलं होतं की रविवारी पेपरनंतर मी काय करते. वडील रेणापूरहून एसटीने आले. एवढंच म्हणाले, "खून बघायला जात होतीस?" त्या वर्षीच्या निकालाबद्दल न बोललेलं बरं.

पण तो चौथा डबा माझ्या डोक्यातून कधी उतरला नाही. ते बंद दार इतकं काही सांगत होतं. मग ते त्या दारातच होतं की आम्हीच बाहेरून आणून त्यात भरलं होतं? मी स्वतः सिनेमा करायला लागले तेव्हा हा प्रश्न रोज माझ्या शेजारी बसायचा. निर्माता म्हणाला, "त्या नऊ मिनिटांत काही नाहीये गं," तेव्हा मला राग आला नाही, भीती वाटली. त्याला दिसत नाही म्हणून नव्हे. मला दिसतं ते खरंच आहे का, म्हणून.

म्हणून मी ह्या हॉलमध्ये आले. बेंच सरकवले, खिडक्यांना कापड लावलं. फळ्यावर हृदयाची आकृती होती, शुद्ध-अशुद्ध रक्ताचे बाण काढलेले, ती पुसायचा धीर झाला नाही, मग पडदा तिच्यावरच टांगला. युनूसभाई आले, आता काठी आहे, हातात घड्याळ मात्र तेच. पाठक सर आले. क्लासच्या दोन मुली, पेपर देऊन दमलेल्या, सिनेमा फुकट आहे म्हणून थांबल्या. आणि जिन्यावरून आत्याचा आवाज आला, "सावकाश, सावकाश चढा वहिनी." आत्याने माझ्या आईला आणलं होतं.

मी तिला बोलावलं नव्हतं. मुद्दाम बोलावलं नव्हतं. ती नऊ मिनिटं तिची होती आणि मी तिला विचारलं नव्हतं.

आमचं गाव रेणापूरजवळ. भूकंपात आमच्या गावात घरं पडली नाहीत, तडकली. आईचं माहेर खाली औशाच्या बाजूला, तिकडे काही उरलं नाही. धाकटा मामा तिथेच ढिगाऱ्याखाली गेला. मी तेव्हा दहा वर्षांची. त्यानंतरचे दिवस मला वासांनी आठवतात: ब्लीचिंग पावडरचा, ताडपत्रीचा, मदतीत आलेल्या परक्या स्वेटरांना येणाऱ्या डांबरगोळ्यांचा. सगळं गाव घराबाहेर राहायला आलं. चुली अंगणात आल्या. फळीवर स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचून ठेवायचे, जमीन हलली की ते खळखळून पडावेत आणि आपण सावध व्हावं म्हणून. एसटी गेली तरी ते पडायचे आणि सगळी आळी उठून पळायची. मग एकमेकांकडे बघून हसायचं, पेले पुन्हा रचायचे. घरोघर एकेकाचं हे काम ठरलेलं होतं, आमच्यात ते माझं.

आई दुपारची भांडी झाली की घराच्या दारासमोर बसायची. मांडीवर सूप, सुपात ज्वारी. हात निवडत असायचे, डोळे दारावर. घरात ती जात नव्हती. लागेल ते वडील आणून द्यायचे आणि म्हणायचे, "घर काय पळून चाललंय का?" ती म्हणायची, "बघून राहिले." बस. एवढंच. मी तिच्या मागे बसून गणितं करायची. सुरुवातीला मला तिचा भयंकर राग यायचा. माझ्याशी बोलत नाही, वेणी घालत नाही, नुसती बघते. मग दुसरं काही करायला नाही म्हणून मीही तिच्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागले. चौकटीच्या वर डाव्या अंगाला भेग होती. शाळा सुटायच्या वेळेला लिंबाची सावली कडीपर्यंत यायची. एक कोंबडी उंबऱ्याशी जाऊन आत डोकवायची आणि परत यायची, तीही आत जात नव्हती. असे किती दिवस गेले मला सांगता येणार नाही, थंडी पडायला लागली होती एवढं खरं. एका दुपारी आईने सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि आत गेली. आतून डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग भाकरी थापल्याचा. त्या दिवशी काय झालं हे तिला कुणी विचारलं नाही. मामाचं नाव आमच्या घरात त्यानंतर फार कमी निघालं.

तर ती आई आता बायोलॉजीच्या वर्गात तिसऱ्या बेंचवर बसली होती, पदर सारखा करत. मी सिनेमा लावला.

वीस मिनिटांनी क्लासच्या मुली उठल्या. जाताना एक हळूच म्हणाली, "ताई, छान आहे, पण उद्या टेस्ट आहे." पाठक सर झोपले. तो शॉट आला. अंगण, बाईची पाठ, समोर दार. मी पडद्याकडे बघत नव्हते, माणसांकडे बघत होते. आत्याने एकदा मोबाईल काढला आणि परत ठेवला. युनूसभाई पुढे वाकले. मी वाट बघत होते त्यांच्या घोषणेची. ती आली नाही. शॉट संपून पुढचा प्रसंग लागला तेव्हा ते मनगटाकडे बघून स्वतःशीच म्हणाले, "हात्तिच्या. बघायचंच राहिलं." आईची मला फक्त मान दिसत होती. ती हलली नाही, एवढंच सांगू शकते.

दिवे लावले. पाठक सर जागे झाले, टाळ्या वाजवल्या, आणि सिनेमावर खरोखर सुंदर बोलले. मी त्यातलं काही ऐकलं नाही. युनूसभाई म्हणाले, "खुनी कोन हाय ते मला कळलं. पर सांगनार न्हाई. तू बी सांगू नको कुनाला." आत्या म्हणाली, चांगला आहे, जरा लांब आहे. मग ते तिघं खाली चहाला गेले. आई उठली नव्हती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"ती बाई बसती ते आपलंच अंगण ना?" तिने विचारलं.

"हो. तू आत्याकडे आली होतीस तेव्हा, तुला न विचारता घेतलं. चुकलं माझं."

ती बेंचवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेल्या नावावरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा रागावेल, आणि ह्या दोन्हींतलं काहीही केलं तरी मी तो शॉट उचलून फेकून देईन, दीड मिनिटंसुद्धा ठेवणार नाही, असं मी त्या क्षणी ठरवलं होतं. सिनेमा गेला खड्ड्यात.

"लवकर उठवलीस तिला," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"इतक्यात उठू वाटत न्हाई, पोरी. आत गेलं की मग तो मेलाच असं व्हतंय."

एवढं बोलून ती मला धरून उठली आणि जिना उतरायला लागली. मी तिच्या मागे चार पायऱ्या गेले आणि थांबले. रडू आलं ते तिथे आलं, त्या सगळ्या हसऱ्या डॉक्टरांसमोर. कारण जे तिने सांगितलं ते मला माहीत होतं. शूटिंगच्या दिवशी त्या कामासाठी घेतलेली आमच्याच गावची बाई चौदा मिनिटं बसली होती. मी तिला उठायची खूण केली नव्हती, तिला वाटलं तेव्हा ती उठली. आणि त्यातली पहिली पाच मिनिटं मी कापली होती. निर्मात्याने नव्हे, कुणीच सांगितलेलं नसताना, मी, एकटीने, भिऊन. वर पुन्हा नऊ मिनिटं ठेवली म्हणून स्वतःला धीट समजत होते.

सोमवारची वाट बघायचं कारण उरलं नव्हतं. डोळे पुसले आणि जिन्यातूनच मुंबईला फोन लावला. म्हटलं, मी सिनेमा दाखवला, ऐकलं लोकांचं, तो शॉट नऊ मिनिटांचा राहणार नाही.

"शाब्बास," निर्माता मोकळा हसला. "मला माहीत होतं तू शहाणी आहेस. किती केलास?"

"चौदा."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मी घाई केली नाही.